फियाट, यवतेश्वरचा घाट आणि भावाचा सल्ला

पत्र

वडिलांची 1996 ची प्रीमियर पद्मिनी आहे, म्हणजे आपली जुनी फियाट. पेट्रोल, गिअर स्टिअरिंगजवळचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी साताऱ्यात राहते, कासच्या बाजूच्या एका गावातल्या शाळेत शिकवते. रोज यवतेश्वरचा घाट. आजवर स्कूटी आणि एसटीवर निभावलं. सुट्टी संपली की फियाट रोज न्यायची, बाराही महिने, असं मनात आहे. पण धाकटा भाऊ म्हणतो, मागच्या चाकांवर चालणारी गाडी पावसात घाटात गरकन फिरते, विकून टाक आणि सेकंडहँड छोटी गाडी घे. शाळेतले एक सर म्हणतात, डिकीत वाळूचं पोतं टाका, काही होत नाही. हल्लीच्या पेट्रोलने जुनी इंजिनं खराब होतात असंही कानावर येतं. काय करू?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर

ताई, चालवा. फक्त शाळा उघडायच्या दिवशीच ती पहिल्यांदा घाटात घालू नका. शाळा जूनच्या मध्याला उघडते, म्हणजे मृग नुकता लागलेला असतो. उन्हाळाभर डांबरावर साचलेलं तेल, टायरची काजळी आणि धूळ पहिल्या सरींनी भिजून वर येते. रस्ता सगळ्यात निसरडा असतो तो तेव्हा. जुलैत पाऊस कितीही कोसळला तरी रस्ता निदान धुऊन निघालेला असतो. म्हणून मे महिन्यातच, सकाळी रहदारी नसताना, बाबांना शेजारी बसवून समर्थ मंदिरापासून वर जा आणि परत या. असं बऱ्याचदा करा. डोळे अधू झाले असतील, पण गाडी कुठल्या वळणाला कोणता गिअर मागते हे त्यांच्या कानाला अजून कळत असणार. चालत्या गाडीत पहिला गिअर टाकायचा नाही, गाडी पूर्ण थांबली की मगच, ही सवयही तेच लावतील.

आता मागच्या चाकांचं. हल्लीच्या छोट्या गाड्यांत इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच बसतं, म्हणून त्यांची पकड चांगली. तुमच्या गाडीत इंजिन पुढे आणि ताकद जाते मागे. तुम्ही एकट्या, मागची सीट रिकामी, डिकी रिकामी, म्हणजे मागची चाकं हलकी. ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर खच्चून दाबला तर मागचं बूड बाहेर जाऊ शकतं, एवढं भावाचं बरोबर आहे. पण इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. त्यातून घाट चढताना गाडीचं वजन आपोआप मागे सरकतं आणि मागच्या चाकांची पकड वाढते. ज्या चढाला पुढच्या चाकांची गाडी ओल्यात चाकं फिरवत बसते, तिथे फियाट मुकाट चढून जाते. यवतेश्वरला जाताना मला तुमची काळजी नाही.

काळजी आहे ती परतीची. उतारावर वजन पुढे येतं आणि मागची चाकं आणखी हलकी होतात. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडीला मागे धरतं, तो इंजिनाचा ब्रेकही फक्त त्याच चाकांवर लागतो. ऐन वळणात तिसऱ्यावरून दुसरा टाकून क्लच झटकन सोडला, तर मागची चाकं क्षणभर अडतात आणि गाडी फिरते ती तेव्हा. भावाने जे पाहिलं किंवा ऐकलं असेल ते बहुधा हेच. उपाय सोपा आहे, अंगवळणी मात्र पडावा लागतो. वळणाच्या आधी, रस्ता सरळ असताना वेग कमी करायचा, गिअर टाकायचा, क्लच सावकाश सोडायचा. वळणात फक्त स्टिअरिंग आणि ॲक्सिलरेटरवर हलका, एकसारखा पाय. वळणात पाय एकदम उचलायचाही नाही. हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो, तेव्हा चालत्या गाडीत ओल्या रस्त्यावर त्याला हात लावायचा नाही.

एवढं करूनही मागचं घसरलंच, तर ब्रेकवर पाय मारू नका. ॲक्सिलरेटर हळूच सैल करा आणि मागची बाजू ज्या दिशेला चालली असेल त्याच दिशेला स्टिअरिंग वळवा. डोळे दरीकडे नाही, जिथे जायचं त्या रस्त्याकडे ठेवा. गाडी सरळ होऊ लागली की स्टिअरिंगही लगेच सरळ करा, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला फिरते. हे वाचून येत नाही. एखाद्या मोकळ्या, सपाट मैदानात पाऊस पडून गेल्यावर सावकाश वेगात करून बघा, सोबत कुणीतरी जाणतं असू द्या.

भावाला एक विचारा. पुढच्या चाकांची गाडी घसरत नाही का? घसरते, फक्त तिचं तोंड घसरतं. स्टिअरिंग वळवलेलं असतं आणि गाडी सरळ पुढे जात राहते. टायर गुळगुळीत झालेले असतील तर दोन्ही गाड्या सारख्याच वाईट.

वाळूच्या पोत्याबद्दल सरांचा हेतू चांगला आहे. बर्फाच्या मुलुखात लोक हे करतात, आणि आपल्याकडेही शेतातल्या चिखलातून गाडी निघत नसेल तर मागे दोन माणसं बसवतात, त्याचा उपयोग होतो. पण तुमची अडचण गाडी निघण्याची नाही, उतरण्याची आहे. डिकीतलं वजन मागच्या आसाच्याही मागे लोंबतं. गाडी फिरू लागली की ते वजन तिला आणखी फिरवतं, आणि थांबवायचं ओझं ब्रेकवर वाढतं ते वेगळंच. रोज शाळेतल्या दोन बाई बरोबर घेतल्यात तर वजन योग्य जागी, मागच्या सीटवर बसेल आणि पेट्रोलही वाटून निघेल.

खरा प्रश्न ब्रेकचा. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. सपाटीला ठीक चालतात, पण लांब उतारावर सतत पाय ठेवून आलात तर ड्रम तापतात, तापले की फुगतात, आतून ड्रमाला घासणारे लायनर लांब पडतात आणि पेडल खाली खाली जाऊ लागतं. शेवटच्या वळणांना, जिथे खाली सातारा दिसायला लागतो आणि आपण निवांत होतो, तिथे ब्रेक सगळ्यात दमलेले असतात. म्हणून वरूनच दुसरा गिअर, म्हणजे गाडी इंजिन धरून ठेवेल. मागचा जीपवाला हॉर्न वाजवू दे, जागा मिळाली की त्याला पुढे जाऊ द्या.

मे संपण्याआधी गाडी मिस्त्रीकडे टाका आणि चारही ड्रम उघडून बघायला सांगा, तुमच्यासमोर. लायनर ढकलणारा चाकातला व्हील सिलिंडर पाझरतोय का, लायनर किती उरलेत, त्यांना तेल लागलंय का. एका बाजूचा लायनर तेलकट असेल तर ब्रेक लावताना गाडी दुसऱ्या बाजूला ओढते, कोरड्या रस्त्यावर थोडी, ओल्यात फार. ब्रेक ऑइल पूर्ण बदला. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि पाणी शोषलेलं ऑइल उतारावर तापलं की त्याची वाफ होते, पेडल स्पंजासारखं लागतं. पेडलजवळचा, ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर सिंगल आहे की टँडम (दोन वेगळ्या भागांचा) तेही विचारून घ्या. सिंगल असेल तर एका नळीला गळती लागली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. मग चाकांजवळच्या रबरी नळ्या डोळे मिटून नव्या टाका. रंगकाम, सीट कव्हर, टेप वगैरे पुढच्या वर्षी.

रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यातून गाडी काढली की ड्रमात पाणी शिरतं आणि पुढचा पहिला ब्रेक लागतच नाही. बाहेर पडल्यावर मागे-पुढे कुणी नाही असं बघून, गाडी सावकाश चालत असताना ब्रेक हलकेच दाबत राहा. थोड्या अंतरात लायनर सुकतात.

टायरच्या नक्षीपेक्षाही त्यांचं वय बघा. गाडी वर्षानुवर्षं कमी चालली असेल तर नक्षी भरपूर दिसते, पण रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या डांबरावर ते सरकतं. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 2319 असेल तर तो 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातला. सहा-सात वर्षांपूर्वीचा टायर घाटात नको. कायद्याला 1.6 मिलिमीटर नक्षी चालते, पावसात मला तीनाच्या खाली चालत नाही. जुन्या बांधणीचे बायस टायर असतील तर चारही रेडियल, म्हणजे हल्लीच्या बांधणीचे घ्या. खिसा दोनच टायरांची परवानगी देत असेल तर नवे दोन मागे. दुकानदार पुढे टाकायला सांगेल, ऐकू नका. आणि रेडियल-बायस अशी जोडी एकाच आसावर कधीच नाही.

कासच्या बाजूला पावसाइतकंच धुकं असतं, आणि या गाडीत काच साफ करायला ब्लोअरची फार मदत नसते. पण दाराच्या पुढच्या कोपऱ्यातली ती त्रिकोणी काच आहे ना, ती थोडी तिरकी उघडी ठेवा. आत थोडं पाणी येईल, पण काचेवर धरलेली वाफ जाते. ड्रायव्हर लोक बाहेरून काचेवर तंबाखू घासतात, त्याने पाणी पसरून वाहतं. तुम्हाला नको असेल तर वायपरची नवी पाती घ्या. पाती दर पावसाळ्याला बदलायची. धुक्यात लाइट नेहमी खाली, अप्पर मारला की समोर पांढरी भिंतच उभी राहते. जुन्या वायरिंगमध्ये हेडलाइटला पोचेपर्यंत करंट अर्धमेला होतो. इलेक्ट्रिशियनकडून दोन रिले बसवून घ्या, दिव्यांचा उजेड लक्षात येण्याइतका सुधारतो.

खालून बघायची एक गोष्ट अशी की नव्या छोट्या गाडीवाल्यांना ती माहीतच नसते. मागच्या दोन चाकांच्या मध्ये गिअरची लोखंडी पेटी असते, तिला हौजिंग म्हणतात. त्या हौजिंगला हवा जायला एक छोटं छिद्र असतं. घाट चढून हौजिंग तापलेलं असतं. ते एकदम थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. मग गिअर ऑइल दुधट होतं आणि आतली दातेरी चाकं, क्राउन-पिनियन, झिजतात. खोल पाण्यातून गाडी गेली तर आठवड्याच्या आत ते ऑइल बघायला सांगा. गिअर टाकताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना मागून ‘टक्’ असा आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे ताकद मागे नेणाऱ्या लांब दांड्याचा, क्रॉस (सांधा) गेला. त्याची किंमत फार नसते. दुर्लक्ष केलं तर शाफ्ट निखळतो, आणि मग खर्चाचं विचारू नका. ग्रीसिंग पावसाळ्यात दर महिन्याला.

तांबडी माती मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकाशी आणि मडगार्डच्या आत साचते, तिथूनच पत्रा खाल्ला जातो. रविवारी पाइपने खालून धुवा, आणि दारांच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा. जळकं ऑइल खालून मारून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. ते रबरी बुश खातं आणि ब्रेकवरही उडतं. कोटिंग करायचंच असेल तर मे महिन्यात, गंज पूर्ण खरवडून झाल्यावर. गंजावर कोटिंग म्हणजे गंज झाकून ठेवण्याचे पैसे.

आता पेट्रोल. पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं, आणि त्यातलं काही इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांमागे खोळंबून आपण हॉर्न वाजवतो आणि त्याच उसाचा अर्क टाकीत भरतो. 1996 च्या गाडीतलं रबर मात्र त्यासाठी बनलेलं नव्हतं. पेट्रोलच्या नळ्या, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधली रबरं हळूहळू फुगतात किंवा चिरतात, आणि गरम इंजिनाजवळ पेट्रोल गळणं म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या टाकून घ्या, पंपाचं आणि कार्बोरेटरचं किट बदला. इथेनॉल टाकीच्या तळचा जुना गाळ सोडवतं, म्हणून नळीत पारदर्शक फिल्टर बसवा आणि सुरुवातीला लवकर बदला. इंजिनात जाणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं पातळ पडतं, चढाला इंजिन अडखळेल, तेवढं ट्यूनिंग करून घ्यावं लागेल. ॲव्हरेज थोडं घटेल, ते धरून चाला. इथेनॉल पाणीही ओढतं, तेव्हा पावसाळ्यात टाकी भरलेली बरी. या बाबतीत रोज चालणारी फियाट शेडमध्ये झाकून ठेवलेल्या फियाटपेक्षा सुखी, कारण तिच्या टाकीत पेट्रोल महिनोन् महिने पडून राहत नाही.

एप्रिलच्या उन्हात घाट चढून थांबलात आणि गाडी पुन्हा सुरू होईना, तर घाबरू नका. पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून असतो, तापला की त्यातल्या पेट्रोलची वाफ होते. पंपावर ओलं फडकं टाका, थोडा वेळ थांबा. हा टॅक्सीवाल्यांचा जुना उपाय अजूनही चालतो. रेडिएटर आधीच साफ करून घेतलात तर ही वेळ सहसा येत नाही. गाडी तापलेली असताना रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. हिवाळ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चोक ओढा, इंजिन लागलं की हळूहळू आत ढकला, निघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही गाडी तुम्हाला फार आनंद देईल.

सुट्या भागांचं थोडं अवघड होत चाललंय. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या, आणि त्यांच्या जिवावर चालणारी स्पेअरची दुकानंही आटत चालली. पुण्यात नाना पेठेत अजून बरंच मिळतं. एकदा जा आणि फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, पंपाचं किट, व्हील सिलिंडरची किटं आणून डिकीत ठेवा. वाळूपेक्षा हे वजन कामाचं.

भावाची एक बाजू मात्र पूर्ण खरी आहे, आणि ती त्याने मांडलेली नाही. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि समोरून धडक बसली तर पत्रा जोर शोषून घेईल अशी रचनाही नाही. चाकं पुढची की मागची यावर तुमच्याशी कितीही वाद घालेन, यावर नाही. घाटातून रात्री एकटीने येण्याची पाळी वारंवार येणार असेल तर मी भावाच्या बाजूने मत देईन. शाळा मात्र दिवसाची आहे आणि घाटात वेगही तीस-चाळीसच्या आत असतो, म्हणून हो म्हणतोय. पट्टा नीट लागतो का बघा, सडका असेल तर बदला.

स्कूटी विकू नका, एसटीचं वेळापत्रकही फेकू नका. हवामान खातं साताऱ्याच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं. ऑरेंज किंवा रेड असेल त्या दिवशी गाडी घरी, तुम्ही बामणोलीच्या एसटीत. यवतेश्वरच्या घाटात पावसाळ्यात दगड येतात, आणि दगडाला कुठल्या चाकाची गाडी आहे याच्याशी देणंघेणं नसतं. फुलांच्या हंगामात, सप्टेंबरच्या शनिवारी सकाळची शाळा सुटून तुम्ही खाली याल तेव्हा पर्यटकांची रांग वर येत असेल. तेव्हाही एसटीच बरी. अर्ध्या चढावर थांबत-निघत हाफ क्लचवर गाडी धरणारे पाहुणे समोर असतात आणि आपल्याला उतारावर सारखा ब्रेक दाबावा लागतो.

हा सगळा खर्च करण्याआधी कपाटातून आरसी काढून तारीख बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. तुमची गाडी 1996 ची, तेव्हा हिशोबाने ती तारीख 2026 मध्येच येते. 2025 च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी 10,000 रुपये झाली आहे, वर पर्यावरण कर वेगळा. नवी नंबरप्लेट लावली नसेल तर ती आणि पीयूसीही लागेल. तपासणीला गाडी न्यायचीच आहे, तर ब्रेक, टायर आणि दिव्यांचं काम आधी उरकून मगच न्या. गाडी एका फेरीत पास होईल आणि मिस्त्रीचं बिलही एकदाच येईल. वडिलांच्या नावावर असेल तर नाव बदलण्याचं आणि विम्याचंही त्याच आठवड्यात उरकून घ्या.